बदामाआधी कॅनोला

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शार्दूलची पांढरी यूट फाटकातून आत आली, तेव्हा देवयानी शेडच्या दारात मधपेट्यांच्या जुन्या चौकटींवरचं मेण खरवडत बसली होती. गाडी ओळखूनही तिने हात थांबवला नाही. उलट तो जरा जोरातच चालायला लागला. वर्षभर हा माणूस रॉबिनव्हेलच्या सुपरमार्केटात ती दिसली की ट्रॉली वळवून दुसऱ्या रांगेत शिरायचा. आज तो आपल्या पायांनी आला होता, म्हणजे गरज मोठी असणार.

"काय देवयानी, कशी आहेस?"

"बघतोयस की."

"विश्राम?"

"मागे. ट्रकखाली आहे. बोलावू?"

"नको, नको. आधी तुझ्याशीच बोलतो." शार्दूलने बूट आपटून नसलेला चिखल झटकला. "यार, मला पेट्या पाहिजेत. कोणी द्यायला तयार नाही. माइटच्या किडीने निम्म्या लोकांच्या माश्यांची वाट लावलीय, आणि ज्यांच्याकडे उरल्यात त्यांच्या मोठ्या कंपन्यांनी आधीच उचलल्यात."

देवयानीने चौकट उलटी केली आणि दुसरी बाजू खरवडायला घेतली.

शार्दूल आणि विश्राम या देशात शिकायला आले तेव्हा क्लेटनला एका खोलीत राहिले होते. दोघांत एक गादी, एक राइस कुकर आणि युनीची फी भरायला दोघांच्या दोन दोन नोकऱ्या. पुढे पीआरच्या पॉइंट्ससाठी विश्राम इकडे मरी नदीकाठी आला, पॅकिंग शेडमध्ये लागला आणि कॉलिन नावाच्या म्हाताऱ्या मधपाळाच्या नादाने मधमाश्यांत अडकला. कॉलिन थकल्यावर त्याच्या पेट्या विश्रामने घेतल्या. इथली साठ एकरांची बदामाची बाग सिडनीच्या एका मालकाने विकत घेतली आणि त्याला मॅनेजर हवा झाला, तेव्हा शार्दूलचं नाव विश्रामनेच सुचवलं होतं. मांजराला दुधाची राखण दिली, असं देवयानी आता म्हणायची. तेव्हा म्हणाली नव्हती, याचा तिला स्वतःचाच राग होता.

गेल्या ऑगस्टात, बाग भर फुलोऱ्यात असताना, या शार्दूलने सकाळी अकरा वाजता फवारणी केली. फवारणी रात्री करायची, माश्या पेटीत परतल्यावर, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पाऊस येणार होता आणि रात्रपाळीचा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला होता. देवयानीने रस्त्यावरून जाताना ट्रॅक्टर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. दोन दिवसांत बागेत ठेवलेल्या विश्रामच्या दीडशे पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचे ढीग लागले. इन्स्पेक्टर आला, त्याला शार्दूलने फवारणीची डायरी दाखवली. डायरीत लिहिलं होतं रात्री नऊ. आणि वर तो म्हणाला, माझा मित्र आहे, वाईट वाटतं, पण त्याने माइटसाठी अॅसिड जास्त घातलं असणार, नवीन माणूस आहे.

तेवढं पुरलं. मधपाळांच्या क्लबात विश्राम म्हणजे आपल्याच माश्या मारणारा इंडियन झाला. मिल्डुऱ्याच्या मराठी मंडळींच्या गणपतीत देवयानीने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मधाची बाटली दिली होती. त्यातल्या चार बाटल्या निघताना पायपुसण्याशेजारी ठेवलेल्या सापडल्या. शार्दूलच्या बायकोने, निहारिकाने, तिला हळूच सांगितलं होतं, "अगं, लहान मुलं आहेत ना घरात, ते अॅसिड वगैरे, म्हणून घाबरतात लोक." त्या चारही बाटल्या देवयानीने घरी आणल्या आणि फडताळात समोरच ठेवल्या, रोज दिसाव्यात म्हणून.

"देऊ की पेट्या," ती आता म्हणाली.

शार्दूल चपापला. तो बराच वेळ मनधरणी करायच्या तयारीने आला होता. "देशील? थँक्स, यार. रिअली. फक्त एक आहे. सोमवारी मालक येतोय सिडनीहून. त्याला बागेत पेट्या दिसल्या पाहिजेत. तर शनिवारीच आणून ठेवा. दक्षिणेच्या कुंपणाला लावा, मेन रोडवरून आत शिरलं की तिथेच नजर जाते."

देवयानीचा हात पहिल्यांदा थांबला.

बदामाची कळी अजून मिटलेली होती. शनिवारनंतरही फुलायला निदान पाच दिवस होते. आणि दक्षिणेच्या कुंपणापलीकडे दुसऱ्या शेतकऱ्याचा कॅनोला होता. मोहरीचंच हे भावंड. लवकर पेरल्यामुळे तो आत्ताच पिवळाधमक झाला होता.

"शनिवारी," ती म्हणाली. "दक्षिणेच्या कुंपणाला. नक्की ना?"

"नक्की."

"मेसेज करून ठेव. विश्राम विसरतो."

तेवढ्यात विश्राम मागून आला. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर ऑइलचा पट्टा. शार्दूलने त्याच्याकडे न बघता फोनमध्ये टाइप करायला सुरुवात केली. विश्रामने शनिवार ऐकलं होतं. त्याने बागेच्या दिशेला पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. देवयानीने डोळे वटारले. विश्रामने फडक्याला हात पुसले.

"ठीक," तो म्हणाला आणि परत ट्रकखाली गेला.

रात्री जेवताना देवयानीला राहवलं नाही. तिला कोणाशी तरी हे बोलायचं होतं, आणि घरात नवऱ्याशिवाय कोणी नव्हतं.

"पाच दिवस माश्यांना बदाम दिसणारच नाही," ती म्हणाली. "समोर कॅनोला. तोच धरतील."

"हं."

"आणि एकदा धरला की सोडत नाहीत. कॉलिननेच सांगितलंय ना, दहात एक कळी फुटल्याशिवाय पेटी बागेत न्यायची नाही. माशीला जे पहिलं सापडतं ते ती पेटीत येऊन सगळ्यांना नाचून सांगते. मग सगळी पेटी तिकडे. त्यात कॅनोलात मध जास्त. कशाला येतील बदामावर?"

"वाऱ्याने थोडंफार होतं का बदामात?" विश्रामने आमटीत भात कालवत विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"वाऱ्याने काही होत नाही. एका जातीच्या झाडाचा पराग शेजारच्या रांगेतल्या दुसऱ्या जातीवर माशीने नेला तरच बदाम धरतो. नाहीतर नुसती फुलं. बघायला छान." ती हसली. खूप महिन्यांनी ती जेवताना हसत होती. "आणि सांगितलंय कोणी? त्याने. लिहून दिलंय. तू त्याला काही बोलायला जाऊ नकोस हं. तुझा जीव लगेच वितळतो."

विश्रामने आणखी आमटी घेतली. तिला वाटलं, याला हे पटलेलं नाही. मवाळ माणूस. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि त्याने आवाज चढवल्याचं तिला आठवत नव्हतं. घरातला राग आपल्यालाच पुरवावा लागतो, असं तिचं मत होतं.

शनिवारी दिवस कलला, माश्या आत शिरल्या, तसं त्यांनी पेट्यांची तोंडं जाळीने बंद केली. या दीडशे पेट्या उभ्या करायला वर्ष गेलं होतं. वाचलेल्या पाच पेट्यांपासून, उसन्या राण्यांपासून, दुसऱ्यांच्या झाडावर बसलेले थवे शिडी लावून उतरवून. देवयानीच्या उजव्या हाताचं मधलं बोट अजून सरळ होत नव्हतं. एक थवा उतरवताना ती शिडीवरून पडली होती. आता तिने पट्टे ओढून बांधले, विश्रामने फोर्कलिफ्टने चार चार पेट्या मांडलेले लाकडी पाट उचलून ट्रकवर चढवले. थंडी हाडात शिरत होती. पेटीला हात लावला की आतून मंद ऊब लागायची, तेवढाच शेक.

बागेत पोचल्यावर विश्रामने एकेक पाट कुंपणाला असा लावला की पेट्यांची तोंडं नेमकी कॅनोलाकडे झाली. देवयानीने हे पाहिलं. तिने सांगितलं नव्हतं. सवयीने लावले असतील, उडायला तीच बाजू मोकळी आहे, असं तिने मनाशी म्हटलं.

सोमवारी मालक आला. कोट, नवे कोरे बूट. शार्दूल त्याच्यापुढे वाकून वाकून चालत होता. विश्राम पाणी भरून ठेवायला आला होता, तो पेट्यांपाशी उभा होता. मालकाने फोटो काढायला फोन वर केला आणि हाताने विश्रामला बाजूला व्हायची खूण केली. मग शार्दूलला विचारलं, "इज दिस द ब्लोक हू किल्ड हिज बीज?"

शार्दूल हसला. "ही इज ऑल राइट नाऊ. ही हॅज लर्न्ड."

विश्राम चार पावलं बाजूला झाला. फोटो निघेपर्यंत तिथेच बादली धरून उभा राहिला. घरी आल्यावर त्याने हे देवयानीला शब्दन् शब्द सांगितलं, बातमी वाचून दाखवावी तसं, आणि चहा मागितला. देवयानीच्या हातून पातेलं जोरात शेगडीवर आपटलं.

"लर्न्ड म्हणे. आता तो शिकेल."

गुरुवारी बदाम फुटला. तीन दिवसांत साठ एकर पांढरे झाले, आतून किंचित गुलाबी. रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून सेल्फी काढायला लागले. देवयानी रोज दुपारी ऊन वर आलं की बागेत जायची, पेट्या बघायचं निमित्त होतंच. झाडांमध्ये जाऊन उभी राहायची आणि कान द्यायची. फुललेल्या बदामाच्या बागेत एरवी डोक्यावर मोटार चालू असल्यासारखा आवाज भरलेला असतो. इथे काही नव्हतं. एखादी चुकार माशी. माश्यांची मुख्य वाट कुंपणावरून सरळ पिवळ्या शेतात जात होती, आणि येताना प्रत्येकीच्या पायाला हळदीच्या गोळ्या. बदामाचा पराग मळकट, हिरवट असतो. तसे पाय तिला तासाभरात दोन-तीनच दिसायचे.

तिला फार बरं वाटायचं. त्या शांततेत ती डबा उघडून पोळीभाजी खायची.

फुलोऱ्याच्या नवव्या दिवशी दुपारी शार्दूलची यूट फाटकातून इतक्या वेगाने आली की कोंबड्या उधळल्या. कॉलिन बागेशेजारून जाताना थांबला होता, आणि त्याने शार्दूलला एका वाक्यात सांगितलं होतं की मेट, तुझ्या माश्या शेजाऱ्याकडे कामाला आहेत.

"तुला माहीत होतं," शार्दूल म्हणाला. त्याचा चेहरा फिक्कट पडला होता. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मेसेज तुझा आहे. शनिवार, दक्षिणेचं कुंपण. दाखवू?"

"देवयानी, प्लीज. फळ धरलं नाही तर तो मला ठेवणार नाही. घर पण त्याच्याच बागेतलं आहे, आम्ही जाणार कुठे? निहारिका..."

"निहारिकाला माझा मध नको होता."

तो दाराच्या चौकटीला टेकला. "काही करता येतं का? कॉलिन म्हणाला, करता येतं."

येत होतं. पेट्या उचलून लांब, इथे घरी आणायच्या, बारा किलोमीटरवर. चार दिवस ठेवायच्या. जुनी वाट माश्या विसरल्या की परत न्यायच्या, पण या वेळी बागेच्या आत, उत्तरेच्या अंगाला. नव्या जागी माशी नव्याने शोधते आणि जवळचं धरते. उशिरा फुलणारी झाडं अजून बाकी होती. दोन-तीन दिवसांत हलवल्या तर निम्मं पीक हाताला लागलं असतं. देवयानीने हे सगळं त्याला सावकाश सांगितलं.

"मग हलवा ना. मी ड्रायव्हर देतो, माणसं देतो..."

"उद्या क्लबची मीटिंग आहे हॉलमध्ये. सगळे मधपाळ असतील. तिथे उभा राहा आणि सांग, सकाळी अकराला फवारलं. डायरीत खोटं लिहिलं. विश्रामने काही केलं नव्हतं."

शार्दूल चौकटीवरून सरळ झाला. "माझं फवारणीचं लायसन्स जाईल."

"जाईल."

"केस होईल कदाचित."

"होईल. तू बोललास की पेट्या हलतील. शब्द देते."

हॉलमध्ये तीसेक माणसं होती, पाणचट कॉफी आणि बिस्किटं. शार्दूल मागच्या रांगेतून उठला तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. तो इंग्रजीत बोलला, खाली जमिनीकडे बघत. अकरा वाजता. पाऊस येणार होता. डायरी मी नंतर लिहिली. हिज बीज वेअर फाइन. कॉलिनने कप खाली ठेवला आणि एक अशी शिवी घातली की पुढच्या रांगेतल्या बाईने मान वळवली. मग एकेक जण उठून विश्रामपाशी आला, हात मिळवून गेला. सॉरी मेट. सॉरी मेट. विश्राम प्रत्येकाला नो वरीज म्हणत होता. शार्दूल तोवर भिंतीच्या कडेकडेने बाहेर निघून गेला होता.

परतताना देवयानी गाडीत रडली. वर्षाचं ओझं उतरलं होतं. तिला शार्दूलची थोडी दयासुद्धा आली, आणि ती आल्याचं तिला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तिने जाळ्या, पट्टे, धुराचा डबा, सगळं ट्रकपाशी आणून ठेवलं. विश्राम नळावर पाय धुत होता.

"चल, निघूया. शार्दूल फोर्कलिफ्ट घेऊन थांबलाय."

"थांबू दे."

"म्हणजे?"

"पेट्या तिथेच राहतील."

तिला वाटलं, थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. त्याने एक पाय टॉवेलने कोरडा केला, बोटांमधून सुद्धा, आणि मग दुसरा घेतला.

"अरे, मी शब्द दिलाय त्याला. तो बोलला ना सगळ्यांसमोर. तुझं नाव साफ झालं. आता आणखी काय पाहिजे?"

"तुला हॉलमध्ये पाहिजे होतं, तुला मिळालं. मला हॉल नको होता."

"मग?"

"माश्या मेल्या तेव्हा तू शेतकी डिपार्टमेंटला फोन करत होतीस. मी फावड्याने पेट्या रिकाम्या करत होतो. दीडशे. त्यातल्या कितीतरी अजून हलत होत्या. राण्या हलत होत्या. मी खड्डा खणला, त्यात टाकल्या, वर माती लोटली. तो तेव्हा कुंपणापलीकडे यूटमध्ये बसून सँडविच खात होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने काच वर घेतली." विश्रामचा आवाज नेहमीसारखाच होता. "परवा तुझ्याशी बोलला, काल हॉलशी बोलला. माझ्याशी बोलला का?"

"नाही बोलला. पण विश्राम, पोटावर येतंय त्याच्या. घर जाईल."

"जाऊ दे."

"तू असा नाहीस."

"तुला वाटलं, तू डोळे वटारलेस म्हणून मी त्या दिवशी गप्प बसलो?" विश्रामने टॉवेल तारेवर घातला आणि कोपरे ओढून सरळ केले. "तो शनिवार म्हणाला तेव्हाच माझं ठरलं होतं. तू नको म्हणाली असतीस तरी मी नेल्या असत्या."

ट्रकची किल्ली त्याच्या खिशात होती. हेवी गाडीचं लायसन्स देवयानीकडे नव्हतं. काढायचं म्हणून दरवर्षी राहून जायचं. ती थोडा वेळ पट्ट्यांच्या ढिगापाशी उभी राहिली. मग आपली छोटी गाडी घेऊन एकटीच निघाली, कारण शब्द तिने दिला होता आणि तो मोडल्याचं सांगायला तरी तिनेच जायला हवं होतं. अख्ख्या रस्त्यात तिला नवऱ्याचे ते पुसलेले पाय दिसत होते. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटली.

शार्दूल दक्षिणेच्या कुंपणापाशी फोर्कलिफ्ट चालू ठेवून उभा होता. त्याने नवे पट्टे विकत आणले होते, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. तो तिच्या गाडीमागे रस्त्याकडे बघत राहिला.

"विश्राम येतोय ना मागून?"

"नाही."

"उद्या येतोय?"

"येणार नाही तो."

"अगं, पण मी बोललो. सगळ्यांसमोर बोललो. सकाळीच डिपार्टमेंटचा फोन आला मला. तू शब्द दिला होतास."

"मी दिला होता. त्याने नव्हता दिला."

शार्दूलला समजायला वेळ लागला. त्याने एकदा पेट्यांकडे पाहिलं. पेट्यांसमोर शेवटच्या माश्या पिवळे पाय घेऊन उतरत होत्या. "मी दुसरा ट्रक बोलावतो," तो म्हणाला.

"पेट्या आमच्या आहेत, शार्दूल. हात लावू नकोस."

मग त्याने फोन काढला. विश्रामचा नंबर शोधायला त्याला बराच वेळ लागला. वर्षभरात त्याने तो लावला नव्हता. रिंग वाजायला लागली. वाजत राहिली, बंद झाली, त्याने पुन्हा लावला. ओठ हलत होते, काय म्हणायचं ते तो आधीच जुळवत होता. वाऱ्याची झुळूक आली आणि झाडांवरून पाकळ्या सुटल्या, त्याच्या खांद्यावर, पट्ट्यांच्या प्लास्टिकवर, सगळीकडे. तिसऱ्यांदाही कोणी उचलला नाही.

देवयानीने पुढे होऊन फोर्कलिफ्टची किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.